नाक्यावरचा सवाल

नागसेनकाका चहा बशीत ओतत, पण फुंकत नसत. निवेपर्यंत बशी हातात धरून बसत. सायकलला कुलूप लावलं की दोन पावलं चालून परत येत आणि कुलूप ओढून बघत. पेन खिशात उलटं खोचत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला तळाशी निळा डाग होता. दुकानात आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणायच्या आधी स्टूल हातानं झटकत, झटकायला काही नसलं तरी. वर्तमानपत्र मागून पुढे वाचत. मनात गाणं चाललं असलं की डाव्या हाताचं मधलं बोट मांडीवर आपटत असे. आणि तार गुंडाळताना ते बोलत नसत. जळालेल्या विजेच्या मोटारीत नवी तार भरायची तर वेढे मोजावे लागतात. मोजणी चुकली की मोटार पुन्हा जळते. म्हणून मोजणी सुरू असताना कुणी हाक मारली तरी ते ओ देत नसत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

म्हणूनच ऑक्टोबरातल्या त्या सकाळी प्रेमिलाकाकूंनी घरातून दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा मारली नाही. चहा झाकून ठेवला. अर्ध्या तासानं शेजारची प्रीती दुकानात गेली, तेव्हा काका तार गुंडाळायच्या यंत्रासमोर बसलेले होते. उजवा हात फिरवायच्या मुठीवर होता, डोकं भिंतीला टेकलं होतं. यंत्रावरचा वेढ्यांचा आकडा एकशे बारावर होता. प्रीती तशीच उभी राहिली. एकशे तेरा व्हायची वाट बघत. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही.

नागसेन सोमकुवर अठ्ठावन्न वर्षांचे होते. नागपुरातल्या इंदोऱ्यात त्यांचं घर, आणि घराच्याच पुढच्या खोलीत मोटार वाइंडिंगचं दुकान. प्रीती दोन घरं सोडून राहते. तिनं मराठीत एम.ए. केलं आहे आणि एका शिकवणी वर्गात ती शिकवते. गेल्या वर्षापासून ती काकांची गाणी टाइप करत होती. एकेचाळीस झाली होती. त्यांचं पुस्तक करायचं होतं. काकांना पुस्तकाची घाई नव्हती. त्यांना दुसऱ्याच गोष्टीची घाई होती.

ती घाई कळायची तर दुय्यम म्हणजे काय ते सांगायला हवं.

दिवाळी झाली की रामटेककडच्या गावांमधून मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडईत दिवसाउजेडी गाण्याचा सामना होतो. समोरासमोर दोन मंच, दोन शाहिरांची दोन मंडळं, आणि मध्ये माना वळवून वळवून दुखवून घेणारं पब्लिक. याला दुय्यम म्हणतात. एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसरा गाण्यातूनच जवाब देतो. काकांचे आजोबा त्यात गायचे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी देवादिकांची जुनी गाणी सोडली, डफ मात्र सोडला नाही. नवी गाणी बांधली. काका त्यांच्याकडूनच शिकले आणि तीस वर्षं गायले.

त्या मंडईचे नियम लिहिलेले कुठंच नाहीत, पण मोडलेलेही कुणी पाहिले नाहीत. सवाल टाकणाऱ्याच्या वहीत जवाब आधी लिहिलेला पाहिजे. समोरच्याचा जवाब नाकारता येतो, पण नाकारला तर आपला द्यावा लागतो. तो नसला तर डफ खाली ठेवायचा, आणि जवाब घेऊन येईपर्यंत त्या मंडईत गायचं नाही. हार मानायची असेल तर तीही गाऊनच मानायची. पुऱ्या चार ओळींत.

काकांचा डफ दोन हजार बावीसच्या मंडईत खाली ठेवला गेला. तेव्हापासून दुकानातल्या फळीवर तो पालथा पडून होता.

सवाल नाक्यावरचा होता.

काका होमगार्ड होते. ते म्हणायचे, “पोलिसाचा कपडा, पोलिसाचा दांडा, अन् पोलीस मात्र नाई.” सणावाराला, मिरवणुकीला, निवडणुकीला त्यांना बोलावणं यायचं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर रांगेचा दोर धरून ते वीस वर्षं उभे राहिले. ती ड्यूटी त्यांना आवडायची. आपल्याच माणसांची रांग, कुणी ‘दादा, पाणी कुठं आहे’ विचारावं आणि सांगावं.

दोन हजार वीसच्या मे महिन्यात मात्र त्यांना सावनेरच्या पुढे, राज्याची हद्द संपते तिथल्या नाक्यावर पाठवलं. टाळेबंदी होती. बुटीबोरीच्या कारखान्यांतून, नागपुरातल्या इमारतींवरून माणसं पायी निघाली होती. हद्दीपलीकडे त्यांची गावं होती. कुणाचं दोन दिवसांवर, कुणाचं पाच. पास नसलेल्याला सोडायचं नाही, असा हुकूम होता. रस्त्यावर आडवा दोर बांधला होता आणि त्याचं एक टोक काकांच्या हातात होतं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.

त्यानंतरची दोन वर्षं काकांनी त्या दिवसांबद्दल काही सांगितलं नाही. मग मंडईत त्यांनी सवाल टाकला. पलीकडच्या मंचावर धोंडबा होते. नरखेड तालुक्यातले संत्र्या-मोसंबीचे बागाईतदार, वयानं काकांपेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि पंचवीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. प्रीती त्या वेळी पब्लिकात बसली होती. तिचं एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं. काकांनी आधी गद्यात हकीकत सांगितली. नाक्यावर अडवलेल्या लोकांत एक बाई होती. ती जवळ आली आणि हिंदीत म्हणाली, भैया, तुम्हारी ड्यूटी कब छूटती है? मी म्हटलं, छह बजे. ती म्हणाली, फिर घर जाओगे? मी म्हटलं, हां. तर ती म्हणाली, और हमारी ड्यूटी कब छूटेगी?

मग डफ उचलला.

*ड्यूटी तुही सुटते सहाले, दोर ठेवून जाशी घरी,*
*सांग शिपाया, आमची ड्यूटी सुटन कोणत्या प्रहरी?*

पब्लिक गप्प झालं. मंडईत पब्लिक गप्प होत नाही. फुगेवाले, भजीवाले, पाळण्याचा करकराट, सगळं चालूच असतं. त्या दिवशी भजीवाल्यानंही झारा थांबवला, असं प्रीतीला आठवतं. ते खरं असेल की नाही, सांगता येत नाही.

धोंडबांनी वेळ घेतला. पाणी प्यायले. मग उभे राहिले.

*दोर दिसतो शिपायाहाती, गाठ वरच्या हाती,*
*हुकूम सुटन तव्हाच सुटन दोघांच्याही गाठी.*

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जवाब चोख होता. पंच होते गोपाळराव, गावचे जुने पाटील. त्यांनी विचारलं, “काय गा नागसेन, पटला जवाब?”

“नाई.”

“काहून?”

“हुकूम सगळ्यायलेच माईत आहे. बाईनं हुकूम नाई विचारला.”

“मंग तुहा जवाब टाक.”

काकांनी वही उघडली. पान कोरं होतं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जवाब न लिहिता ते सवाल घेऊन आले होते. नवख्या पोरानं अशी चूक केली असती तर लोकांनी त्याला मंचावरून उतरवलं असतं. काका स्वतःच उतरले. डफ खाली ठेवला, कपाळाचा घाम पुसला, आणि पब्लिकातून वाट काढत गेले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं काका पुढे म्हणायचे.

तेव्हापासून जवाबाचा शोध सुरू झाला.

धोंडबा वर्षातून दोन-तीनदा विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन इंदोऱ्यात यायचे. त्यांच्या जवळच्या काटोलात वाइंडर काही कमी नाहीत. पण ऐंशी किलोमीटर मोटार लादून आणायची, चहा प्यायचा, फळीकडे बघायचं आणि टोमणा मारायचा, हा त्यांचा नेम झाला होता.

“डफावर कोळ्यानं संसार थाटला गा तुह्या.”

“राहू दे. त्याले तरी घर भेटलं.”

“जवाब?”

“चालू आहे.”

“तीन वर्षांत माह्या मोसंबीले तीन बहार आले. तुले चार ओळी येऊन नाई राहिल्या.”

“मोसंबीले खत घालतं तू. मले कोण घालते?”

प्रेमिलाकाकू आतून म्हणायच्या, “मी घालतो न, रोज दोन टाइम.”

हे हसणं खरं होतं, पण त्यात जीव थोडा कमी होत चालला होता. काकांनी बारा-तेरा जवाब लिहून खोडले होते. प्रीतीनं ते पाहिले आहेत. एकात शिपाई म्हणतो, *मीही तुह्यासारखाच बाई, पोटासाठी उभा.* खाली काकांनी लिहिलंय, ‘पोट सगळ्यायलेच असते.’ दुसऱ्यात शिपाई दोर कापून टाकतो. खाली लिहिलंय, ‘मी कापला नाई.’ तिसऱ्यात ती बाई सुखरूप गावी पोहोचते. खाली काहीच लिहिलेलं नाही, फक्त आडवी रेघ. कागद फाटेल इतकी दाबून.

गेल्या उन्हाळ्यात धोंडबा आले तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. घसा खाकरला तरी सुटत नव्हता. मोटार उतरवून ते स्टुलावर बसले आणि या वेळी फळीकडे पाहिलं नाही.

“नागसेन, यंदाची मंडई माही शेवटची. डाक्टर म्हणते गळा वाचव. दोन वर्षं झाली, समोर कोणी पोट्टे बसवते, मोबाइलात पाहून गाते. यंदा तू ये. जवाब घेऊन ये नाई तं हार घेऊन ये. पण ये.”

“पाहू.”

“पाहू नको. ये.”

तेव्हापासून काकांना घाई झाली. गायचं तर यंदाच, आणि जवाबाशिवाय गाता येत नव्हतं.

याच सुमारास प्रीतीनं पुस्तकाची प्रस्तावना लिहिली. पंधरा पानांची. ती तिला फार चांगली उतरली असं वाटत होतं. एका दुपारी तिनं दुकानात बसून ती वाचून दाखवली. काका जळालेल्या मोटारीतली काळी तार पकडीनं ओढून काढत होते. सगळी प्रस्तावना त्या बाईच्या प्रश्नाभोवती होती. घराकडे निघालेली एक अनाम स्त्री सत्तेच्या सगळ्यात खालच्या प्रतिनिधीला एका वाक्यात निरुत्तर करते, असं त्यात होतं. तिच्या वाचेत सगळ्या वाटसरूंची वाचा आहे, असंही होतं.

काकांनी पकड खाली ठेवली.

“हे बाईचं काढ.”

“काका, पुस्तकाचं मर्मच ते आहे.”

“म्हून काढ.”

“पण का?”

ते उठले आणि बाहेर जाऊन सायकलचं कुलूप ओढून आले. परत येऊन कामाला बसले. दोन दिवस त्यांनी विषय काढला नाही. प्रीतीला वाटलं, भाषा जड झाली असावी. तिनं काही शब्द सोपे केले.

तिसऱ्या दिवशी वीज गेली होती. दिवा बंद, पंखा बंद. काकू दारात बसून मेथी निवडत होत्या. काकांनी प्रीतीला बोलावून घेतलं, स्टूल झटकलं आणि सांगायला सुरुवात केली. ते तिच्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते.

“अकरा जण होते. बुटीबोरीकडून आले होते. सौसरच्या पुढं कुठंतरी जायचं होतं त्यायले. दुपारी एक वाजला असन. आमच्या सायबानं सांगतलं, वापस फिरा, शाळेत सोय केली आहे. ते म्हणत, शाळेत नाई राहत, घरी सोडा. बोलता बोलता वाढलं. मागून कोणी गोटा मारला. सायबानं हुकूम दिला. मी दांडा आडवा केला, एका माणसाले मागं ढकलाले. तो लागला बाईच्या डोक्यावरच्या गाठोड्याले.”

काकूंची मेथी थांबली होती.

“तांदूळ होते. सारे सडकेवर. सडकेचं काम चालू होतं तिथं, बारीक खडी पडली होती. खडीत तांदूळ. भांडण तिथंच थांबलं. माणसं झाडाखाली जाऊन बसली. बाई नाई गेली. ती बसली अन् दाणे येचाले लागली. एकेक. माह्या पायापासून दोन हातांवर.”

“मग तिनं विचारलं?”

“तिनं काईच नाई विचारलं.”

प्रीतीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“एक शब्द नाई बोलली ती. एकपासून सहापर्यंत. वर पाहलं नाई. मी वाट पाहून राहिलो होतो, आता ती पाहीन, आता ती शिवी देईन. शिवी दिली असती तं चाललं असतं. सहा वाजता दुसरा आला. मी त्याच्या हातात दोर देला अन् गाडीत बसलो. निम्मे दाणे अजून खाली होते.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“अन् तो सवाल?”

“गाडीत सुचला. मलेच. केळवदच्या अल्याड. वाटलं, हिनं असं विचारायले पाहिजे होतं. मंग दोन वर्षं डोक्यात घोळला. घोळता घोळता तिचाच झाला. हिंदी बोलत असन म्हून हिंदीत घातला.”

काकू म्हणाल्या, “त्या दिवशी घरी आले तव्हा हेच सांगतलं होतं यायनं. बाई काई बोलली नाई म्हून. मंग मंडईत बोलाले लागली.”

“काकू, तुम्ही कधी म्हटलं नाही?”

“मले वाटलं गाण्यात असं चालते.”

प्रीती साहित्याची विद्यार्थिनी. गाण्यात असं चालतं, हे तिला चार पुस्तकांचे दाखले देऊन सांगता आलं असतं. तिनं तोंड उघडलंही. पण काका तिच्याकडे बघत होते आणि तिला एकही दाखला आठवला नाही.

“दोर एका हातानं धरता येत होता,” काका म्हणाले. “दुसरा मोकळाच होता.”

मग त्यांनी धोंडबांच्या जवाबाची गोष्ट काढली. बोलताना ते थकले होते, पण अडखळत नव्हते. “धोंडबा बरोबर होता. मी जो सवाल टाकला त्याचा जवाब हुकूमच आहे. दुसरा निघतच नाई. तीन वर्षं मी त्याले खोटं पाडून राहिलो. माहा सवाल मलेच वाचवाले होता, प्रीती. बाईच्या तोंडून विचारून घेतला, का मंग माह्यावर दया येते लोकायले. बिचारा शिपाई, काय जवाब देईन. मी खाली वाकलो नाई, हे कोणी विचारतच नाई मंग.”

“आता काय करणार?”

“हार गाणार. चार ओळी.”

हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं की प्रीतीला ते सोपं वाटलं.

तीन ओळी त्याच संध्याकाळी झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या प्रीतीला म्हणून दाखवल्या. डफाशिवाय, बोटानं मांडीवर ठेका धरून.

*सवाल नव्हता बाईचा गा, सवाल होता माहा,*
*धोंडबाचा जवाब खरा, सभा हो तुमी पाहा.*
*ती बसली तांदूळ येचत, मी दोर धरून उभा,*

“चौथी?”

“येईन.”

ती आली नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. प्रीतीनं प्रस्तावनेतला तो सगळा भाग काढून टाकला. पंधरा पानांची चार पानं राहिली. काकांनी ती वाचली आणि म्हणाले, आता बरं आहे. पण चौथी ओळ होईना. दुकानातलं काम मागे पडू लागलं. गिऱ्हाइकं फोन करत, काका ‘उद्या’ म्हणत. यंत्रावर बसले की मोजणी सोडून मध्येच थांबत, आणि मग सगळी तार सोडून पहिल्यापासून गुंडाळत. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

एकदा प्रीतीनं सुचवलं. “काका, ‘मोकळ्या हाता कुणी दिली ना वाकायाची मुभा.’ यमक जुळतं.”

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. बोटानं ठेका धरला.

“चांगलं आहे. पण कोणी देली नाई म्हटलं का पुन्हा हुकमावरच गेलं. मले मुभा होती वं. कोणी नाई म्हटलं नव्हतं.”

“मग तसं लिहा. मुभा होती.”

“लिहून पाहलं. ते कबूल करून मोठं होणं वाटते. शाहीर किती खरा बोलते, म्हणतीन. टाळ्या वाजवतीन. मले टाळ्या नाई पाहिजे त्या ओळीवर.”

“काय पाहिजे?”

त्यांनी मांडीवरचं बोट थांबवलं.

“पुढं जाऊन बसाचं आहे मले,” ते म्हणाले. “त्या ओळीत. तिच्या समोर. पण मी बसलो नव्हतो न. मंग कसं लिहू?”

प्रीती त्या दिवशी घरी गेली आणि तिनं काही वाचलं नाही.

दसऱ्याला काका दीक्षाभूमीवर गेले. होमगार्डमधून ते मोकळे झाले होते, तरी पाण्याच्या स्टॉलपाशी रांग लावायला उभे राहिले. दिवसभर. घरी आले तेव्हा डावा खांदा दुखतोय म्हणाले. काकूंनी तेल लावून दिलं. “दोर धरून धरून दुखते,” ते म्हणाले, आणि काकूंनी ते खरं मानलं. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर ‘मंडई झाल्यावर’ म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी ते धोंडबांच्या मोटारीची तार गुंडाळायला बसले आणि एकशे बारावर थांबले.

धोंडबा आठवड्यानं आले. मोटार न्यायला नव्हे. एसटीनं आले होते, हातात मोसंबीची पिशवी होती. काकूंनी पिशवी घेतली आणि कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरून राहिल्या. धोंडबा स्टुलावर बसले. स्टूल कुणी झटकलं नाही. बराच वेळ ते यंत्राकडे बघत राहिले.

“जवाब भेटला होता का त्याले?” त्यांनी विचारलं. आवाज इतका बसलेला होता की प्रीतीला पुढे वाकावं लागलं.

तिनं वही आणून दिली. धोंडबांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. पहिल्या ओळीवर थांबले. “म्हंजे काय, सवाल त्याचा होता?” प्रीतीनं सगळं सांगितलं. दांडा, तांदूळ, खडी, सहा वाजता आलेला दुसरा माणूस. धोंडबा ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“माहा जवाब खरा म्हणते हा,” ते शेवटी म्हणाले. “येडा आहे. माहा जवाब कायचा खरा. मलेही सुचलं नाई दुसरं म्हून हुकूम म्हटलं मी. सामना होता. वेळ जाऊन राहिला होता.”

काकू म्हणाल्या, “हे त्यायले सांगाचं होतं न तुमी.”

“तीन वर्षं टोमणे मारले,” धोंडबा म्हणाले. “हे नाई सांगतलं.”

चहा झाला. धोंडबांनी वही पुन्हा उघडली.

“मंडईत मी म्हणतो हे. त्याच्या मंचावरून.”

“पुरं कुठं आहे?” काकू म्हणाल्या. “चार ओळी लागते न. तुमचाच नियम.”

“मंग पुरं करू. ही पोरगी शिकलेली आहे. घाल वं एक ओळ. उभाले जुळणारी.”

प्रीतीनं वही घेतली. शब्द लगेच आले. सभा, मुभा, शोभा, नभा. चारही शब्दांवर एकेक ओळ तिला त्याच बैठकीत करता आली असती. ती पेन घेऊन बसली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, नको म्हणाल्या नाहीत आणि हो पण म्हणाल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या. धोंडबा वाट बघत होते. दोन वाजता त्यांची एसटी होती.

तिनं काही न लिहिता पेन बंद केलं.

तिसऱ्या ओळीनंतर स्वल्पविराम आहे. चौथ्या ओळीच्या जागी काकांनी ठेक्याची सोळा टिंबं मांडून ठेवली आहेत, आठ आणि आठ. नवव्या टिंबावर पेन बरेचदा टेकवलेलं दिसतं. तिथं शाई पसरून मागच्या पानावर उतरली आहे. ओळीच्या शेवटी यमकापुरतं एक अक्षर लिहिलं आहे, ‘भा’. त्याच्या आधी काही नाही.